"मला काहीच त्रास नाही, मग रिपोर्ट पॉझिटिव्ह कसा?"

गरोदरपणातल्या पहिल्या रक्ततपासणीत हिपॅटायटिस बी (यकृताला होणारा विषाणूचा संसर्ग) निघाला की समोरची जवळजवळ प्रत्येक बाई मला हे विचारते. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत, भूक व्यवस्थित. मग लॅबमध्ये नमुन्यांची अदलाबदल झाली असेल, असं घरच्यांना वाटतं.

पुण्यातल्या धायरीहून आलेली सुनीता (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) पहिलटकरीण होती, तिसरा महिना. रिपोर्ट मुठीत इतका घट्ट धरलेला की कागद घामानं मऊ पडला होता. सासूबाई बसायच्या आधीच म्हणाल्या, "आमच्यात असलं कुणालाच नाही. हे हिच्या माहेरचं." मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. रिपोर्ट सुनीताचा, तो आधी तिलाच समजायला हवा. याबाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

एकटी झाल्यावर ती म्हणाली, "मॅडम, ह्यांना वाटेल मी बाहेर काही केलं."

खरी भीती ही असते, आणि तिला उत्तर आहे. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त जणांचं शरीर तो काढून टाकतं. जन्मताना झाली तर दहापैकी नऊ बाळांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो. म्हणून कावीळ कधीच न झालेल्या तरुण बाईत तो सापडला, तर बहुतेक वेळा लागण जन्माच्या वेळची किंवा बालपणातली असते. सरकारी लसीकरणात ही लस देशभर आली २०११ मध्ये. सुनीताच्या वयाच्या कितीतरी मुलींना ती मिळालीच नाही.

माहेरी कुणाला यकृताचा आजार होता का, असं विचारल्यावर ती थांबून म्हणाली, "मामा गेला. पोटात पाणी झालं होतं. सगळे म्हणायचे दारूनं गेला. पण तो कधी प्यायलाच नाही हो."

मी तिच्या आईची आणि बहिणीची तपासणी लिहून घेतली. नवऱ्याचीही.

मग तिच्या परवानगीनं सासूबाईंना आत बोलावलं. घरी सुनीताचं ताट-पेला आधीच वेगळा झाला होता. "मावशी, ताटातून, जेवणातून, जवळ घेण्यातून हे पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात पसरतं. ब्लेड, ब्रश, नेलकटर तेवढं वेगळं ठेवा." त्यांचा पुढचा प्रश्न नातवंडाचा होता: अंगावर पाजायचं की नाही? पाजायचं. सिझेरियनही फक्त यासाठी लागत नाही.

सुनीताच्या रक्तात विषाणूंचं प्रमाण मिलीलीटरमागे दोन लाख युनिटच्या बरंच वर निघालं. अशा वेळी काहीच केलं नाही तर बाळाला लागण होण्याची शक्यता खूप मोठी. डॉक्टरांनी अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून टेनोफोव्हिर, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सुरू केल्या. जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत लस, आणि शक्यतो बारा तासांच्या आत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. पुढे सहा, दहा, चौदा आठवड्यांना लसीचे डोस. २०१८ च्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमामुळे सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषध मोफत आहे.

मला राग येतो तो उशिराचा. २०२४ मध्ये पुण्यातल्या एरंडवणे, मुंढव्यात झिका (डासांतून पसरणारा विषाणू) सापडला, गरोदर बायकांचे नमुने एनआयव्ही या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले, आणि "लक्षणं नसली तरी तपासा" म्हणत मुली स्वतःहून आल्या. झिकातही बहुतेकांना लक्षणं नसतात, त्यांचं बरोबरच होतं. पण एचआयव्ही, हिपॅटायटिस बीची नेहमीची तपासणी मात्र "काही होत नाही ना, मग बघू" म्हणत सातव्या-आठव्या महिन्यावर जाते. तेव्हा गोळ्यांना पुरेसा वेळच उरत नाही. पाळी चुकली की नाव नोंदवा आणि रक्त द्या.

नवरा निगेटिव्ह निघाला, त्याला लस सुरू झाली. बहिणीलाही. आई पॉझिटिव्ह होती. कधी एक दिवस आजारी पडली नव्हती. आता मायलेकी दर सहा महिन्यांनी यकृताच्या तपासणीला एकाच दिवशी येतात. बाळाचं रक्त नऊ महिन्यांनंतर तपासलं, कारण त्याआधीचा रिपोर्ट फसवा असू शकतो. विषाणू नाही, लसीचं संरक्षण चांगलं तयार झालेलं.