मुलांना एअर रायफल शिकवायची आहे. सुरुवात कोणत्या वयात आणि कोणत्या रायफलीने करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलगा 11 वर्षांचा, पुतणी 14 ची, दोघांना 10 मीटरच्या रेंजवर स्वतः शिकवायचंय, आणि "दोघंही उजव्या हाताची आहेत, त्यामुळे डाव्या-उजव्याचा प्रश्न नाही." हे शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. प्रश्न आहे. हात कोणता ते नंतर बघा, आधी डोळा कोणता ते बघा.

मला माझ्या दादाने शिकवलं. मी 13 वर्षांची होते, तो बराच मोठा आणि स्वतः चांगला नेमबाज. "डावा डोळा मीट" हे त्याचं पालुपद. मी मिटायचे. पहिले पाच-सहा शॉट बरे जायचे. मग गाल थरथरायला लागायचा, उघड्या डोळ्यातूनही पाणी यायचं, पुढच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या कड्याच्या, गोलातला टार्गेटचा काळा ठिपका विरघळल्यासारखा व्हायचा आणि छर्रे कागदभर पसरायचे. दादाचं निदान ठरलेलं होतं, "तुझं लक्ष नाही." दोन वर्षं हे ऐकून मी रायफल खाली ठेवली. पुन्हा हातात घेतली ती तिशीत, आणि तेव्हा कोचने पाच मिनिटांत सांगितलं की माझा डावा डोळा वरचढ आहे, म्हणजे नेम धरताना मेंदू त्याचंच ऐकतो, आणि रायफल त्याच बाजूच्या खांद्यावर लावायची असते. म्हणजे ती दोन वर्षं मी चुकीच्या खांद्यावर रायफल लावून उभी होते.

काही वर्षांनी दादाची मुलगी रेंजवर यायला लागली. वय 12. मी लाइनच्या मागे खुर्चीवर बसले होते, दादा तिच्या पाठीशी उभा. पोरगी रायफल उजव्या खांद्याला लावून मान दस्त्यावरून, म्हणजे रायफलीच्या खांद्याला टेकणाऱ्या भागावरून, पलीकडे वाकवत होती, डावा डोळा मागच्या साइटपाशी न्यायला. दादा दर वेळी तिचं डोकं सरळ करत होता. आणि तिचा डावा गाल थरथरत होता. तो गाल मी ओळखते.

सिरीज संपली, रायफल रिकामी करून, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ती रिकामी असल्याची खूण, घालून ठेवल्यावर मी तिला समोर उभं केलं. दोन्ही हात लांब करून तळवे एकमेकांवर आणायचे, अंगठ्यांपाशी बोराएवढं भोक ठेवायचं आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून माझ्या नाकाकडे बघायचं. समोरच्याला त्या भोकात एकच डोळा दिसतो, तोच वरचढ. मला तिचा डावा डोळा दिसला. तीनदा करून घेतलं, तिन्ही वेळा डावा.

दादा म्हणाला, "उजव्या हाताने लिहिणारी पोर डाव्या खांद्यावर रायफल घेणार? काहीतरीच काय!" कारोली टाकाच या हंगेरीच्या नेमबाजाचा उजवा हात 1938 साली ग्रेनेड फुटून निकामी झाला. त्याने डाव्या हाताने पिस्तूल धरायला शिकून 1948 आणि 1952 अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. ट्रिगर दाबणारं बोट शिकवता येतं, वरचढ डोळा बदलणं फार अवघड. हे मी दादाला तेव्हाही सांगितलं होतं.

तिला डाव्या खांद्यावर आणली. बसून, रायफलीचा पुढचा भाग स्टँडवर टेकवून. टार्गेट उलटं लावलं, कोऱ्या बाजूने, म्हणजे मधल्या दहा गुणांच्या मागे धावायला नको. तो दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा साडेचार मिलिमीटरचा, लहान मुलाने त्याच्याकडे बघत बसण्यात काही अर्थ नाही. पाच छर्रे एका जागी जायला हवेत, जागा कुठलीही चालेल. पहिले तीन दिवस वाईट गेले, छर्रा भरायला बोल्ट उघडताना हात अडायचे, छर्रे खाली सांडायचे. तिसऱ्या आठवड्यात तिने पाच छर्रे मारले आणि ती सगळी भोकं माझ्या अंगठ्याखाली झाकली गेली. तो कागद तिच्यापेक्षा मीच जपून ठेवलाय.

आता तुमचा प्रश्न. वयापेक्षा "थांब" म्हटल्यावर थांबतं का ते बघा. थांबत नसेल तर 14 व्या वर्षीही नको. रायफल हलकी आणि आखूड दस्त्याची घ्या, मान सरळ ठेवून गाल आपोआप टेकला पाहिजे. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत वजन चालतं म्हणून मुलाच्या हातात तेवढं देऊ नका, पाठ मागे वाकवून उभं राहायची सवय लागते आणि ती मोडताना वर्ष जातं. उभं राहून मारणं काही महिन्यांनी. आणि मागे उभं राहून सतत बोलू नका. शॉट सुटल्यावर दोन सेकंद साइटमधून बघत राहा, एवढं एक वाक्य पुरतं.

दादा अजून म्हणतो की ब्लाइंडरने, म्हणजे एका डोळ्यापुढे लावायच्या पट्टीने, भागलं असतं. काहींचं भागतं, हे खरं आहे. ज्याची उजव्या खांद्यावर अनेक वर्षं गेलीत त्याने खांदा बदलू नये, नेम न धरणारा डोळा न मिटता त्याच्यापुढे 30 मिलिमीटरपर्यंत रुंदीची पट्टी लावावी. पट्टी दुधी, काळी नाही, कारण एक डोळा अंधारात गेला की दुसऱ्याचीही बाहुली मोठी होते. पिस्तुलात हात उजवाच ठेवून डोकं थोडं वळवलं तरी चालतं. काही मुलांचा कुठलाच डोळा ठळक वरचढ नसतो, त्यांना आणि चष्मेवाल्यांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. पण 11 वर्षांच्या कोऱ्या पोराला पट्टी कशाला? डोळा डावा निघाला तर त्याचा खांदाच बदला.

राहिलं ते हे. छर्रे शिशाचे असतात, रेंजवरून निघताना दोघांचे हात साबणाने धुऊन घ्या. स्प्रिंगची रायफल असेल तर छर्र्याशिवाय ड्राय प्रॅक्टिस करू देऊ नका, आतला भाग खराब होतो. आणि रायफल विकत घ्यायच्या आधी मुलगा आणि पुतणी, दोघांचे डोळे वेगवेगळे तपासा. एकाचा उजवा निघाला म्हणून दुसऱ्याचा धरून चालू नका. माझा डावा आहे, दादाचा उजवा.