पुतळ्यांच्या माळेतले व्हेनिसचे नाणे

प्रश्न : माझ्या पणजीच्या पुतळ्यांच्या माळेत एक पुतळी इतरांपेक्षा जाड असून तिच्या कडेने रोमन अक्षरे आहेत. झवेरी बाजारातील एका सराफांनी ती व्हेनिसची मोहर असावी असे सांगितले. भाव मात्र मोडीचाच देऊ केला. कडीसह वजन 3.6 ग्रॅम भरते. हे नाणे मध्ययुगीन असू शकेल काय, आणि संग्राहक त्याला काय किंमत देतील? — एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : वर्णनावरून ही पुतळी म्हणजे व्हेनिसचे डुकाट किंवा त्याची नक्कल आहे. 1284 मध्ये डोजे, म्हणजे तेथील निर्वाचित राज्यप्रमुख, जोव्हान्नी दांदोलो यांच्या कारकिर्दीत सुरू झालेले हे सुमारे साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे नाणे 1797 मध्ये प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याच नक्षीने पाडले जात होते. एका बाजूस संत मार्क गुडघे टेकलेल्या डोजेच्या हाती ध्वज देत आहेत, तर दुसरीकडे ताऱ्यांनी भरलेल्या लंबगोलात ख्रिस्त उभा आहे. कसाच्या या खात्रीमुळे ते अरबी व्यापाराबरोबर पश्चिम किनाऱ्यावर पोहोचले. 1882 मध्ये भडोचला सापडलेल्या ठेव्यात अशी नाणी होती.

नाण्यावर साल नसते, म्हणून काळ ठरतो तो डोजेच्या नावावरून. ‘दांदुलो’ वाचता आले तर नाणे मध्ययुगीन धरण्यास हरकत नाही, पण या घराण्यातले कोण हे पाहावे लागते : जोव्हान्नींचे नाणे अतिशय दुर्मीळ, तर आंद्रेआ दांदोलो (1343 ते 1354) यांची नाणी बाजारात नेहमी दिसतात. ‘मोचेनिगो’ असल्यास पहिले नावही पाहावे : ते आल्विझे असेल तर मात्र आशा सोडावी, कारण आल्विझे मोचेनिगो नावाचे चारही डोजे 1570 किंवा त्यानंतरचे आहेत. अक्षरे उलटसुलट, नुसत्या रेघांसारखी असतील, तर ती दागिन्यांसाठी आपल्याकडे घडवलेली नक्कल होय. तिचे सोने चोख आणि वजनही बरोबर असू शकते, त्यामुळे सराफाच्या कसोटीवर हा फरक कळत नाही. अशा नकलांनाही हौशी गिऱ्हाईक मिळते, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

किमतीच्या बाबतीत कडी आड येते. झाळलेली कडी हा संग्राहकांच्या लेखी दोष असून सामान्य डोजेचे असे नाणे सोन्याच्या भावापेक्षा थोडेच वर जाते. विरळ डोजेचे असेल तर कडीसहही चांगली बोली लागते. म्हणून सराफांचा भाव अगदीच अन्यायाचा नाही, परंतु नाव वाचण्यापूर्वी तो स्वीकारू नये. कडी स्वतः काढू नये आणि उजाळाही देऊ नये. काढल्याची खूण कडीपेक्षा अधिक खटकते, आणि उजाळ्याने झिजलेली अक्षरे आणखी पुसट होतात. दोन्ही बाजूंची तिरप्या उजेडातली छायाचित्रे आणि कडी वगळून काढलेल्या वजनाचा अंदाज घेऊन नाण्यांच्या जाणकाराकडे जावे. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येत असल्याने ते विक्रीसाठी परदेशी पाठवता येत नाही. विक्री करायचीच झाल्यास ती देशातच, परवानाधारक विक्रेत्यामार्फत करावी.