9.4 आलं तर 9.4च लिही

प्रश्न : मुलगी आठवीपर्यंत एसएससी बोर्डात होती, आता केंब्रिज आयजीसीएसईला (दहावीच्या पातळीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) आहे. धडे तोंडपाठ असतात, तरी विज्ञानात मार्क जातात. क्लास लावू का?

उत्तर : आधी तिचा तपासलेला पेपर घेऊन तिच्याशेजारी बसा. तिथे प्रश्नातलं क्रियापद पाहून उत्तर लिहायचं असतं. 'डिस्क्राइब' म्हणजे काय घडलं ते, 'एक्स्प्लेन' म्हणजे ते का घडलं. आपली मुलं दोन्हीकडे तोच पाठ केलेला परिच्छेद उतरवतात. आम्लाची संहती वाढली की अभिक्रिया वेगाने का होते? "कण जास्त आदळतात" एवढ्यावर मार्क सुटतो. "दर सेकंदाला जास्त वेळा आदळतात" असं लिहिलं की मिळतो. जुने पेपर मार्क स्कीमसह (कशाला किती मार्क ते सांगणारी उत्तरसूची) दोन महिने सोडवू द्या. क्लासचं नंतर बघू.

प्रश्न : मी दहावीत आहे, आयबी एमवायपी (आयबी या आंतरराष्ट्रीय बोर्डाचा दहावीपर्यंतचा अभ्यासक्रम). लंबकाच्या प्रयोगात (धागा 50 सेंमी, 20 आंदोलनं) माझं g, म्हणजे गुरुत्व त्वरण, 9.4 आलं, मैत्रिणीचं पुस्तकातल्यासारखं 9.81. रीडिंग थोडं बदलू का?

उत्तर : नको गं! बीएस्सीला आम्ही उत्तरावरून रीडिंग काढायचो, जर्नल देखणं व्हायचं आणि शिकायचं राहून जायचं. तुझ्या 9.4 मध्ये खरी गंमत आहे. धागा 50 सेंमी मोजलास ना? कुठून कुठपर्यंत? लंबकाची लांबी टांगलेल्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरतात. हूक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून 2 सेंमी सुटले असतील, तर खरी लांबी 52 होते आणि तुझं g 9.4च्या आसपासच येणार. करून बघ : 9.8 गुणिले 50 भागिले 52. तसं नसेल तर आंदोलनं मोजताना चूक झाली का ते तपास. घड्याळ सुरू करताना 'एक' म्हटलंस की 'शून्य'? 'एक' म्हटलं असेल तर 20 ऐवजी 19च झाली, पण मग g 9.4 नाही, बरंच मोठं येतं. म्हणजे ती शंका तुझ्याच आकड्याने मिटते. हे सगळं अहवालात लिही. क्रायटेरियन सीचे (म्हणजे अहवाल तपासण्याच्या 'सी' निकषाचे) 8 गुण माहितीवर प्रक्रिया करण्याचे आणि तिचं मूल्यमापन करण्याचे आहेत, पुस्तकातल्या आकड्याशी जुळवण्याचे नाहीत. आणि मैत्रिणीला विचार, तिचं उत्तर पुस्तकातल्या आकड्याशी इतकं तंतोतंत कसं जुळलं?

प्रश्न : आमच्या शाळेत आयजीसीएसई विज्ञानाला प्रात्यक्षिक परीक्षेऐवजी पेपर 6 देतात, म्हणजे सगळं कागदावरच. मग लॅबचे तास हवेतच कशाला?

उत्तर : पेपर 6 लॅबचाच असतो, फक्त उपकरणं चित्रात असतात. ब्युरेटचं (द्रव मोजून सोडायची खुणा केलेली उभी नळी) चित्र देऊन रीडिंग विचारतात. ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढत जातात, हे ज्याने कधी ती हातात धरलेली नाही तो हमखास उलटं वाचतो, 24.3 च्या जागी 25.7. पातळी वक्र भागाच्या तळाशी, डोळा त्याच रेषेत आणून वाचायची, हे तर दहा वेळा मान वाकवल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. लॅबचे तास कमी करत असतील तर पालकसभेत जरूर भांडा.

प्रश्न : मुलाला आयबी डिप्लोमा (आयबीचा अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम) करून 'नीट' ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा द्यायची आहे. अडचण येईल का?

उत्तर : येऊ शकते, आणि ती अकरावीत विषय निवडतानाच. नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. डिप्लोमाच्या नेहमीच्या रचनेत विज्ञानाचे दोनच विषय बसतात, तिसऱ्यासाठी शाळेला आयबीकडून वेगळी परवानगी काढावी लागते. प्रवेशाआधीच समन्वयकांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या.