खुरप्याची मूठ आणि दोन प्लास्टिकं

प्रश्न : माझ्याकडे एका नोझलचा (वितळलेलं प्लास्टिक सोडणाऱ्या तोटीचा) स्वस्त थ्रीडी प्रिंटर आहे. आईच्या बोटांना संधिवात आहे, खुरप्याची लाकडी मूठ तिला बोचते. आत पीएलए हे कडक प्लास्टिक, बाहेर टीपीयू हे रबरासारखं मऊ प्लास्टिक अशी मूठ एकदमच छापायची आहे. चाचणीच्या तुकड्यावर अर्ध्यात प्लास्टिकच्या तारेचं रीळ बदललं, तर टीपीयू सोलपटासारखं निघून आलं. दोन नोझलचा प्रिंटर घेऊ का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नका घेऊ. निदान या मुठीसाठी तरी नको.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे बनवतात त्या विभागात झाली. कडक प्लास्टिकवर रबरी ग्रिप चढवायची असली की आम्ही कडक भागाला भोकं नि खाचा ठेवायचो, रबर त्यात अडकून बसायचं. नुसत्या चिकटण्यावर कुणी विसंबत नसे. तुमच्या तुकड्यात सपाटावर सपाट बसलं, अडकायला काहीच नव्हतं. नोझल दोन असते तरी ते असंच निघालं असतं.

(पीएलए आणि पीईटीजी हे दुसरं कडक प्लास्टिक तर एकमेकांना जेमतेम धरतात. पण त्याचाच फायदा घेऊन एकाला दुसऱ्याचा सपोर्ट, म्हणजे छापताना अधांतरी भागाखालचा तात्पुरता आधार देतात. मध्ये फट न ठेवता छापलं तरी सपोर्ट हाताने सुटतो आणि खालची बाजू गुळगुळीत निघते.)

आता हिशेब. मूठ ११० मिलिमीटर, थर ०.२ चा, म्हणजे ५५० थर. उभी छापली तर प्रत्येक थरात आत कडक, बाहेर मऊ, म्हणजे साधारण ५५० वेळा रीळ बदलायचं. आपोआप रीळ बदलणारं यंत्र एकाच नोझलमधून काम करत असेल, तर दर वेळी आधीचं प्लास्टिक बाहेर टाकतं. अर्धा ग्रॅम धरा, पावशेराहून जास्त कचरा झाला. मूठ स्वतः असेल साठेक ग्रॅमची! दोन नोझल असले तर कचरा कमी होतो, पण थांबलेल्या नोझलमधून गळतं आणि दोघांची जुळणी करत बसावं लागतं. शिवाय मऊ टीपीयू लांब नळीतून ढकलताना दुमडतं, ते वेगळंच.

म्हणून दोन तुकडे वेगळे छापा. आतला गाभा पीईटीजीचा करा, कारण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत खुरपं राहिलं तर मूठ वाकेल. गाभ्यावर तीन-चार गोल खाचा ठेवा. टीपीयूच्या बाहीला आतून तशाच कडा द्या आणि तिचं भोक गाभ्यापेक्षा एक मिलिमीटर लहान ठेवा. साबणाचं पाणी लावून ओढली की चढते. साधं ९५ए कडकपणाचं टीपीयू भरीव छापलं तर चपलेच्या तळासारखं लागतं, म्हणून आतली भर १५ टक्क्यांवर आणा. वेग सेकंदाला २०-२५ मिलिमीटर ठेवा, आणि पावसाळ्यात रीळ आधी वाळवून घ्या. नाहीतर नोझलमध्ये तडतडतं आणि तारा सुटतात.

आणि लोहार करतो तसं खुरप्याचं टोक तापवून मुठीत ठोकू नका. भोक सैल ठेवून इपॉक्सी गोंदाने बसवा, रात्रभर हलवू नका.