स्टुडंट व्हिसा कॅन्सलचं लेटर आलंय ना, आधी तारीख बघ

अरे,

तुझा मेसेज रात्री एकला बघितला, फोन करणार होतो पण तू रडत बसला असशील आणि मी बोललेलं काही डोक्यात राहणार नाही, म्हणून लिहूनच पाठवतोय.

पहिलं काम, ती ईमेल उघड आणि कधी आलीय ते बघ. ऑस्ट्रेलियात ईमेलने पाठवलेलं लेटर त्याच दिवशी तुला मिळालं असं धरतात, तू चार दिवस स्पॅममध्ये बघितलं नाहीस हे कोणी ऐकत नाही. तिथून 28 दिवसात ट्रिब्युनलकडे, म्हणजे सरकारी निर्णय पुन्हा तपासणाऱ्या मंडळाकडे, अर्ज गेला पाहिजे, आणि ही मुदत ट्रिब्युनलला स्वतःलाही वाढवता येत नाही. हे ट्रिब्युनल पूर्वी एएटी होतं, 14 ऑक्टोबर 2024 पासून त्याच्या जागी एआरटी (अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल) आहे, त्यामुळे तुझ्या रूममेटच्या भावाने जे केलं होतं त्याच्या गोष्टी ऐकू नकोस, नियम बदललेत. फी साडेतीन हजार डॉलरच्या आसपास आहे, हो, जास्तच आहे, पण खरंच अडचण असेल तर अर्धी माफ करून मागता येते आणि जिंकलास तर अर्धी परत मिळते. आणि ब्रिजिंग व्हिसा ई, म्हणजे निकाल लागेपर्यंत इथे कायदेशीर राहायचा तात्पुरता व्हिसा, आजच बघ, कारण कॅन्सल झाल्यापासून तू इथे बिनाव्हिसाचा आहेस. त्याच्यावर काम करायची परवानगी आपोआप मिळते असं समजून वेअरहाऊसच्या शिफ्टला जाऊ नकोस.

आता खरं बोलतो. पाच महिने तुझा सीओई, म्हणजे कॉलेजात नाव असल्याचा दाखला, नव्हता, म्हणजे कोर्सला नाव चालू ठेवायची व्हिसाची अट, कंडिशन 8202, मोडली. ती मोडलीच नाही असं भांडत बसू नकोस. मायग्रेशन अ‍ॅक्टच्या कलम 116 खाली कॅन्सल करताना दोन प्रश्न असतात, अट मोडली का, आणि मोडली असली तरी व्हिसा काढून घ्यावा का. पोरं सगळी ताकद पहिल्यावर घालवतात. तुझी केस दुसऱ्या प्रश्नात आहे, तू इथे कशाला आलास, बाकीच्या अटी पाळल्यास का, हे कशामुळे झालं, व्हिसा गेला तर काय नुकसान होईल.

तू लिहिलंयस 'फॅमिली प्रॉब्लेम होता'. अरे हे काय लिहिणं झालं! बाबांची बायपास झाली, त्याच वेळी कारखान्याचं ऊसबिल अडकलं, सोसायटीचं कर्ज आधीच डोक्यावर, म्हणून सेमिस्टरची फी भरता आली नाही. हे आपल्याकडे कुणालाही एका वाक्यात कळतं, पण समोर बसलेल्या ट्रिब्युनलच्या मेंबरला, म्हणजे निकाल देणाऱ्याला, ऊस कारखान्याला घातल्यावर पैसे महिनोनमहिने का येत नाहीत हे कुठून कळणार, त्याला ते समजावून सांगावं लागेल, आणि नुसतं सांगून नाही, कागद हवा. डिस्चार्ज कार्ड, कारखान्याच्या वजनाच्या पावत्या, बिल जमा झालं त्या दिवसाचं पासबुकचं पान, मराठीत असेल त्याचं सर्टिफाइड ट्रान्सलेशन. शिवाय कॉलेजला फीसाठी मुदत मागितलेल्या ईमेल. मागितलीच नसशील तर तेही सांग, उगाच मागितली म्हणू नकोस. खोटं एक सापडलं की बाकीचे खरे कागदही संशयात जातात.

आणि हो, त्या पाच महिन्यात काम किती केलंस? स्टुडंट व्हिसावरच्या पंधरवड्याला 48 तासांच्या मर्यादेवर गेला असशील तर आधी मला आणि वकिलाला सांग, पे-स्लिप लपत नाहीत.

मी स्वतः एकदा एका एजंटला पैसे देऊन बसलो होतो, त्याने दुसऱ्याच पोराचं लेटर माझ्या नावाने छापलं, त्यात मी अकाउंटिंग शिकतोय असं होतं, मी तर इंजिनिअरिंगला. म्हणून सांगतो, एजंट घेतलास तर त्याचा एमएआरएन, म्हणजे नोंदणी नंबर, ओमाराच्या (मायग्रेशन एजंटांची नोंद ठेवणारं सरकारी ऑफिस) रजिस्टरवर तपास, आणि सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाच.

एक चांगली गोष्ट, ट्रिब्युनल सगळं नव्याने बघतं. म्हणजे आजपासून हिअरिंगपर्यंत तू काय करतोस तेही मोजलं जातं. कॉलेज परत घेतंय का विचार, त्यांचं लेखी उत्तर घे, नाही म्हणाले तरी घे.

घरी अजून सांगितलं नाहीस ना? आज सांग. कागद गावाहून आईच पाठवणार आहे, तिला न सांगता कसे येणार.

रविवारी दुपारी मी मोकळा आहे, तोपर्यंत महिन्यावार काय घडलं ते एका पानावर लिहून ठेव, चुका झाल्या तरी चालतील, शुद्धलेखन मी बघतो.

तुझा दादा
मेलबर्न