जुना अल्बम दुसऱ्या कंपनीकडे नेताना आयएसआरसी कोड सोडू नका

डिचोलीहून आपण विचारलेला प्रश्न वाचला. दोन वर्षांपूर्वी काढलेला चार गाण्यांचा ईपी म्हणजे छोटा अल्बम, गाणी स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोहोचवणाऱ्या म्हणजे वितरण करणाऱ्या कंपनीने वाढवलेली वार्षिक फी, आणि गणेश चवथीपूर्वी नवे गाणे दुसऱ्या कंपनीमार्फत काढताना जुनी चार गाणीही तिकडेच हलवण्याचा बेत. २०२१ च्या जुलैमध्ये माझी हीच स्थिती होती. तेव्हा झालेल्या एका चुकीची भरपाई आजही झालेली नाही, म्हणून सविस्तर लिहितो. खाते उघडणे, मुखपृष्ठ तयार करणे हे आपण एकदा केलेले आहे, त्यामुळे ते सोडून देतो.

आमचा सहा गाण्यांचा अल्बम २०१९ मध्ये आला. स्पॉटिफायही त्याच वर्षी फेब्रुवारीत भारतात सुरू झाले होते. गिटार, बेस आणि दोन घुमट (मातीच्या घटाला कातडे लावलेले गोव्याचे तालवाद्य) एवढीच वाद्ये. पावसाळ्यात घुमटाचे कातडे ओलीने सैल पडते आणि दर टेकनंतर ते तापवावे लागते, म्हणून ध्वनिमुद्रण मुद्दाम एप्रिलमध्ये, म्हार्दोळच्या एका घराच्या मागच्या खोलीत केले. एक मायक्रोफोन कातड्यासमोर होता आणि दुसरा मागच्या लहान तोंडापाशी. वादक डाव्या तळव्याने ते तोंड झाकतो-उघडतो तेव्हा निघणारा घुमारा त्या दुसऱ्या मायक्रोफोनमध्ये उतरला. त्या अल्बममधल्या एका गाण्याचे दोन वर्षांत ४१,००० हून अधिक स्ट्रीम झाले. आमच्यासारख्यांसाठी तो आकडा फार मोठा होता.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, म्हणजे आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असतो, आणि गाणे नव्या कंपनीकडून पुन्हा चढवले तरी ते जुनेच गाणे आहे हे स्पॉटिफायला प्रामुख्याने त्या कोडवरून कळते. नव्या कंपनीच्या अर्जात या कोडचा रकाना होता. मी जुना कोड भरला, तर अर्ज पुढे जाईना. त्यांच्या मदत कक्षाला विचारले, तेव्हा उत्तर आले की हा कोड दुसऱ्या कंपनीने दिलेला असल्याने येथे चालणार नाही, रकाना रिकामा सोडा, आम्ही नवा कोड देऊ. मी ते खरे मानले आणि रकाना रिकामा सोडला. हीच माझी सर्वांत महागात पडलेली चूक.

कोड ध्वनिमुद्रणाचा असतो, वितरकाचा नव्हे. गाण्याची मालकी बदलली तरी तो बदलत नाही, मग वितरक बदलल्याने बदलण्याचा प्रश्नच येत नाही. जुन्या कंपनीची मुदत महिनाअखेरीस संपत होती, म्हणून मी घाईने आधी जुना अल्बम काढून टाकला. नवा अल्बम नऊ दिवसांनी दिसू लागला तो सहाही गाण्यांवर शून्य घेऊन, आणि लोकांनी आपापल्या प्लेलिस्टमध्ये जपलेली आमची गाणी करडी होऊन बंद पडली. पुढचे पाच आठवडे मी त्या मदत कक्षाला पत्रे लिहीत होतो. तेच छापील उत्तर, खाली दर वेळी वेगळे नाव, आणि शेवटी एक ओळ: प्रसिद्ध झालेल्या गाण्याचा कोड आता बदलता येत नाही. चुकीचा सल्ला आपणच दिला होता, याचा उल्लेख एकाही पत्रात नव्हता. याचा राग मला अजून आहे.

म्हणून आपण आजच जुन्या डॅशबोर्डवरून चारही गाण्यांचे कोड उतरवून घ्या. मुदत संपल्यावर माझा डॅशबोर्डही बंद झाला होता. तसे झालेच, तर आयएफपीआय या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आयएसआरसी शोध पानावर गाण्याच्या आणि कलाकाराच्या नावावरून कोड बहुधा सापडतो. कोडची पहिली दोन अक्षरे भारताची नसली तरी घाबरू नका. अनेक कंपन्या अमेरिकेत नोंदलेले कोड देतात आणि ते तितकेच वैध असतात. नव्या अर्जात तेच कोड, गाण्याचे तेच शीर्षक, बँडच्या नावाचे तेच स्पेलिंग आणि तीच वेव्ह फाइल द्या. या निमित्ताने मिक्स सुधारून घेण्याचा मोह होतो. मीही घुमटाच्या मागच्या मायक्रोफोनचा आवाज थोडा वाढवला होता, पण नवे मिक्स हे नियमाने नवे ध्वनिमुद्रण ठरते. नवी प्रत दिसू लागून तिच्यावर जुने आकडे येईपर्यंत जुनी प्रत काढू नका, भले त्यासाठी जुन्या कंपनीला आणखी एका वर्षाची फी द्यावी लागली तरी. हे माझे ठाम मत आहे.

हे केवळ मानापुरते नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही, त्यामुळे लहान बँडने शून्यापासून सुरुवात करणे आता पूर्वीपेक्षा महाग पडते.

माझा अनुभव दोनच कंपन्यांचा आहे, मी कायद्याचा जाणकार नाही आणि कंपन्यांचे नियम बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी जुने कोड स्वीकारणार का, हे नव्या कंपनीकडून लेखी घ्या. टाळाटाळ केली तर दुसरी कंपनी पाहा. अल्बम बँडकॅम्प या कलाकारांना थेट गाणी विकू देणाऱ्या संकेतस्थळावरही ठेवा. तेथे वार्षिक फी नाही, डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते घेतात. मात्र २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षे ती कंपनी विकली गेली, त्यामुळे मूळ फाइली स्वतःच्या डिस्कवर असू द्याव्यात.

नवे गाणे आणि जुन्यांचे स्थलांतर एकाच महिन्यात करू नये, असे मला वाटते. नवे गाणे स्पॉटिफायच्या संपादकांकडे किमान सात दिवस आधी पाठवले, तरच ते अनुयायांच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या प्लेलिस्टमध्ये, नक्की जाते. चवथीच्या गडबडीत हे दिवस हातचे निसटतात. जुन्या कंपनीकडची आपली मुदत नेमकी कधी संपते ते कळवा, म्हणजे आधी काय करावे ते सांगता येईल.