सोलापुरात आमचा कंट्री-रॉक बँड आहे. गाणं जी स्केलमध्ये असेल तर माउथ ऑर्गनही जीचाच घ्यायचा का?

नाही, सीचा घ्या. गाण्याचा सा धरला की त्याचा मध्यम जो येतो, त्या स्केलचा माउथ ऑर्गन: जीला सी, एला डी, ईला ए. याला क्रॉस हार्प म्हणतात; हार्प म्हणजे माउथ ऑर्गनच. मग तुमचा सा दोन नंबरच्या भोकात, श्वास आत ओढल्यावर लागतो. खालच्या भोकांतले हे ओढलेले सूर मींडेसारखे खाली वाकवता येतात, आणि कंट्रीतला तो रडवेला गोडवा तिथेच आहे.

वाद्य मात्र १० भोकांचं डायटॉनिकच, म्हणजे एकाच स्केलचे सूर असलेलं, हवं. दुकानात बऱ्याचदा ट्रेमोलो पुढे करतात. त्यात एका सुराला दोन पट्ट्या (आत थरथरणाऱ्या धातूच्या रीड) असतात, सूर नीट वाकत नाही.

एक गोम आहे. सीच्या हार्पवर पाच नंबर ओढला की एफ येतो, म्हणजे जीचा कोमल निषाद. ब्लूजला झकास, पण साध्या कंट्री चालीत खटकतो. त्यासाठी कंट्री ट्यूनिंगचा हार्प मिळतो, त्यात तेवढी एक पट्टी अर्ध्या सुराने चढवलेली असते.

साथीचं म्हणाल तर गायक गात असताना गप्प बसा. ओळ संपली की छोटंसं उत्तर द्या आणि बाजूला व्हा. अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनबरोबर १९७३ पासून वाजवणारा मिकी राफेल ऐका, कळेल.

आणि हो, शेंगाचटणी-भाकरी खाऊन आला असाल तर आधी चूळ भरा. दाण्याचा कण पट्टीत अडकला की ऐन कार्यक्रमात स्क्रू काढत बसाल.